मदत हवी आहे: बीपीसी-१५७ बद्दल कुणाला नीट माहिती आहे का?

टाचेमागच्या स्नायुबंधाचं दुखणं हटत नाहीये, त्यात पोटाची जुनी कुरकुर. जिममधला एक मित्र बीपीसी-१५७ घे म्हणून मागे लागलाय. म्हणून थोडं वाचलं. जठररसातल्या एका प्रथिनावरून बेतलेलं हे १५ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखीच पण छोटी साखळी. उंदरांवरच्या प्रयोगांत जखमेजवळ नव्या रक्तवाहिन्या फुटल्या, स्नायुबंध लवकर सांधले, आतड्याचे व्रणही भरले, असं दिसतं. बरंचसं काम क्रोएशियातल्या झाग्रेबच्या एकाच गटाचं आहे, माणसांवरच्या चाचण्या मात्र अगदीच तुटपुंज्या. उंदीर बरा झाला म्हणून मी होईनच असं थोडंच आहे!

खरी धास्ती वेगळीच. नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं काही शरीरात घातलं आणि कुठे गाठ लपलेली असेल, तर तिलाही खतपाणी मिळेल का? शिवाय अमेरिकेच्या एफडीएची (तिथल्या औषध नियामक संस्थेची) मान्यता नाही, आणि २०२२ पासून ‘वाडा’च्या, म्हणजे खेळांतल्या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत आहे. ‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलेल्या कुप्यांच्या शुद्धतेची खात्री कोण देणार?

इथे कुणी डॉक्टर किंवा फार्मासिस्ट असतील तर सांगा: तोंडाने घेतल्यास पोटापलीकडे काही पोहोचतं का? आणि कुणी स्वतः घेतलं असेल, तर त्रास काय झाला तेही लिहा. नुसतं ‘मस्त आहे, घे’ नको.