रोझमेरी खालून काळी पडतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

रोझमेरीचं रोप दोन वर्षांचं आहे, 8 इंची मातीच्या कुंडीत. पंधरा दिवसांपासून खालच्या फांद्यांची पानं टोकाकडून तपकिरी, मग काळपट होतायत आणि नुसता हात लागला तरी झडतायत. शेंडे अजून हिरवे आहेत. चुरडले की तोच कापरासारखा वास येतो, म्हणून आशा सोडवत नाही.

मला संशय पाण्याचाच आहे. हे भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, कोरड्या उतारांवरचं झुडूप. ओल साचली की मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत आणि रोप तहानलेलं दिसतं. तसंच समजून मी आणखी पाणी घालत राहिले. काल बोट खुपसून पाहिलं तर वर कोरडं आणि आत चिखल! मातीत निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आहे, तेच ओल धरून ठेवत असणार. ऊन रोज 6 तास मिळतं.

आता रोप लगेच उपसून मऊ मुळं कापू आणि जाड वाळू, परलाइट (पाणी निचरायला घालतात ते हलके पांढरे खडे) घातलेल्या मातीत लावू, की आधी आहे तिथेच सुकू देऊ? छाटणी कुठवर करायची? पानं नसलेल्या जुन्या लाकडातून सहसा फूट येत नाही, म्हणून कात्री लावायला धीर होत नाही.

शेंड्याच्या 4 इंची काड्या आजच लावून ठेवतेय. कुणी असं रोप वाचवलं असेल तर कृपया नेमकं काय केलंत ते सांगा. माझा फार जीव आहे त्याच्यावर.