रोज एक कार्ड : वर्ष पुरं झालं, आता थांबू का?

शाईफुटका :
काल 365वं कार्ड झालं. नव्यांसाठी थोडक्यात : पोस्टाचं साधं पन्नास पैशांचं कार्ड, रोज एक, त्यावर शाईनं वडोदऱ्यातलं काहीतरी. एकदम 400 कार्डं घेतली तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी ‘घरात लग्न आहे का?’ विचारलं होतं.

आजपासून बंद. घरचे म्हणतात, हात बसलाय तर मोडतोस कशाला? मला उलटं वाटतं. पहिले चार महिने खरंच शिकलो. पोस्टकार्डाचा कागद शाई पितो. पेन जरा रेंगाळलं की रेघ फुटते. त्यामुळे आधी बघायचं, मग न थांबता ओढायचं, हे अंगात भिनलं. मांडवी दरवाज्याच्या एका बाजूच्या तीन कमानी एका दमात यायला लागल्या. नंतर मात्र नुसता भरणा. काल सगळी कार्डं फरशीवर मांडली, तर मोबाइलचा चार्जर नऊ वेळा निघाला. नऊच्या नऊ रात्री पावणेबारानंतरचे!

आता एकच मोठं चित्र घ्यायचंय. सहा महिने लागले तरी चालतील. बोला.

खर्जातला :
साफ चूक. नऊ चार्जर मोजलेत, उरलेली 356 कार्डं काढली कुणी? मी गातो (बरा गातो असं म्हणत नाही). पहाटे खर्ज लावायला बसलो की दहापैकी आठ दिवस घसा कुरकुरतो. पण ज्या दिवशी लागतो त्या दिवशी मी तिथे बसलेला असतो, एवढंच माझ्या हातात आहे. मोठं चित्र काढा की, नको कोण म्हणतंय? कार्डाला दहा मिनिटं लागतात. दोन महिन्यांनी मोठं चित्र अडलं की तेही गेलं आणि कार्डही गेलं, असं होईल. लिहून ठेवा.

सुरसागरकाठी :
उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. विषय संपला.

मांजलपूरची काकू :
@सुरसागरकाठी, विषय कुठला संपतोय? कहाणी पुढे ऐकायच्या आत उठलात वाटतं. आदित्यराणूबाईचा वसा श्रावणातल्या पहिल्या आदितवारी घ्यायचा आणि माघातल्या रथसप्तमीला संपूर्ण करायचा. संपूर्ण झाल्यावर काय करायचं तेही कहाणीतच सांगितलंय. टाकणं वेगळं, उद्यापन वेगळं. माझ्या सासूबाई चातुर्मासात वांगं सोडायच्या. चंपाषष्ठीला भरीत-रोडगा झाला की पुन्हा सुरू. नेम मोडला असं त्यांना कुणी म्हटलं नाही, आणि म्हणायची कुणाची टाप नव्हती.

खर्जातला :
काकू, वांगं सोडणं आणि हात चालता ठेवणं एक कसं? वांगं चार महिन्यांनी तसंच लागतं. हात तसा राहत नाही.

सेवउसळ_एक्स्ट्रा_तरी :
365 पैकी सेव-उसळ किती?

शाईफुटका :
बावीस. मूळ प्रश्नाकडे वळू या.

कीर्तिमंदिराच्या_पायरीवर :
वडोदऱ्यात बसून हा वाद चाललाय आणि शांतिनिकेतनच्या चित्रकार नंदलाल बोसांचं नाव अजून कुणी काढलं नाही? ते आयुष्यभर कार्डांवर रेखाटनं करत आणि ती शिष्यांना, ओळखीच्यांना पोस्टानं धाडत. म्हणजे कार्डवाले झाले. आणि हेच गृहस्थ सयाजीरावांच्या बोलावण्यावरून इथल्या कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, भिंती रंगवायला आले. गंगावतरण 1939चं, मग मीराबाई, टागोरांच्या नाटकावरचं नटीर पूजा, आणि शेवटचं महाभारताचं चित्र संपेपर्यंत 1946 उजाडलं. चार भिंती, सात वर्षं. तिथे रोजचा हिशेब चालत नाही. आज काय झालं? काही नाही, बघत बसलो, असेही दिवस त्यात येणारच. रोज एक ‘पूर्ण’ चित्र हातावेगळं करायची सवय लागलेल्या माणसाला नेमके तेच दिवस सोसत नाहीत. शाईफुटकेंनी थांबावं असं माझं मत त्यामुळेच आहे. चार्जरचं मला फारसं काही वाटत नाही. चार्जरही चांगला काढता येतो.

खर्जातला :
तुमच्याच तोंडून निघालं, आयुष्यभर कार्डं! भिंत चालू होती म्हणून कार्ड सोडलं असं कुठे आहे?

कीर्तिमंदिराच्या_पायरीवर :
धरून ठेवलं असंही नाही. मनात आलं की काढायचं. रात्री पावणेबाराला घड्याळ बघून नव्हे.

शाईफुटका :
खर्जातले, तुमची दोन महिन्यांची भीती मलाही आहे, खोटं कशाला बोलू? आज सकाळी चहा घेताना हात आपोआप कार्डाच्या गठ्ठ्याकडे गेला. शेजारच्यांच्या स्कूटरवर मांजर बसलं होतं, एक पाय लोंबत. काढलं नाही. बघत राहिलो. मांजर उठून गेलं तेव्हा लक्षात आलं की वर्षभरात मी एवढा वेळ कशाकडेही बघितलं नव्हतं. दुसऱ्या मिनिटाला पेन उघडलेलं असायचं. तेव्हा बंद म्हणजे बंद. निदान दिवाळीपर्यंत.

काकू, उद्यापनाला काय करायचं ते सांगा. आणि कोरी 35 कार्डं उरली आहेत, कुणाला हवीत?

मांजलपूरची काकू :
पाच जणांना जेवायला घाला. कार्डं मला द्या. बहिणीला इंदूरला पत्र टाकायचं कधीपासून राहिलंय.

खर्जातला :
दहा ठेवा स्वतःकडे. माझं ऐका.