प्रतिसाद: जमीन वर येते, पण कधी?

बर्फाचा जाड थर वितळला की ओझं उतरून खालची जमीन वर येते आणि हिशेब बरोबरीत सुटतो, असं मूळ लेखात म्हटलंय. अर्धंच पटलं. वर येते खरी, पण किती सावकाश! बर्फाची घनता प्रावरणातल्या (पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातल्या) खडकाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे ३ किमी जाडीचा थर जमीन जवळजवळ १ किमी खाली दाबू शकतो. स्कँडिनेव्हियावरचं हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरून सुमारे १०,००० वर्षं झाली, तरी स्वीडन-फिनलंडमधल्या बॉथनियाच्या आखाताचा उत्तरेकडचा किनारा अजून वर्षाला ९-१० मिमी वर सरकतोय. याच आखातात सील ज्या शिळेवर पहुडत, तिच्यावर १७३१ साली सेल्सियसने (हो, तोच तापमानवाला) पाण्याची पातळी कोरून ठेवली. ती खूण आता पाण्याच्या बरीच वर आहे. पाणीच घटतंय असं त्याला वाटलं. निष्कर्ष चुकला, खूण मात्र कामाला आली.

पश्चिम अंटार्क्टिकाची तऱ्हा वेगळी. अमुंडसेन समुद्राकाठचं प्रावरण तुलनेने गरम आणि कमी घट्ट, त्यामुळे जीपीएसने तिथे वर्षाला ४१ मिमीपर्यंत उठाव नोंदवलाय. तळ उचलला की हिमनदीला टेकू मिळतो, हे मान्य. पण हिमनदीची माघार त्या उठावाहून वेगाने झाली, तर टेकू पोचेपर्यंत बर्फ निघून गेलेला असेल.