मदत हवी आहे: गाडी दोनदा पासिंगला नेली, दोनदा परत आली

बाळेकर
नमस्कार मंडळी. आरटीओत पासिंगला, म्हणजे नोंदणी पुढं न्यायच्या तपासणीला, दोनदा गेलो, दोनदा हात हलवत परत. गाडी टकाटक आहे, एका किकला चालू होते, बाळ्यातून रोज एमआयडीसीला जातो. दोन हाफ डे गेले, आता शेठ सुट्टी देईना. एजंट नको, तो जेवढे मागायलाय तेवढ्यात अर्धी गाडी येते. सोमवारची तारीख घेतलीय, लवकर सांगा.

जुळे_सोलापूरकर
कुठली गाडी? कुठलं साल? परत का पाठवली? का आम्ही पंचांग बघून सांगायचं?

कडक_भाकरी
एचएसआरपी, म्हणजे ती नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावली का? 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना लागते. दुचाकीला 450 अधिक जीएसटी, 531 होतात. माझ्या प्लेटचा रिवेट महिन्यात निघाला, तारेनं बांधलाय.

बाळेकर
प्लेट आहे हो. ते विचारलंच नाही मी.

होटगी_रोड
दुचाकीला दरवर्षी पासिंग असतं? माझी स्कूटर 9 वर्षांची झाली, मी कधीच नेली नाही. दंड पडेल का?

रिक्षा_तेरा
ताई, घाबरू नका. घरगुती गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते, मग गाडी दाखवून पुढची 5 वर्षं मिळतात. दरवर्षीची कटकट आम्हा रिक्षावाल्यांना. पहिली 8 वर्षं दोन वर्षांनी एकदा, नंतर दरसाल. तुम्ही फक्त पीयूसी आणि इन्शुरन्स बघा.

लंडनचा_मेव्हणा
माझा मेव्हणा लंडनला आहे. गाडी 3 वर्षांची झाली की दुचाकीलाही दरवर्षी एमओटी नावाची तपासणी. ब्रेक, टायर, लाइट, हँडलचं बेअरिंग, सगळं हलवून बघतात. आपल्याकडं असं केलं तर नवी पेठ निम्मी रिकामी होईल.

कडक_भाकरी
मेव्हण्याला सांगा, उन्हाळ्यात दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलला उभं राहून दाखव म्हणावं.

बाळेकर
धागा भरकटायलाय. स्प्लेंडर, 2010 ची, 15 वर्षं होऊन चार महिने झाले. पहिल्यांदा पीयूसी नव्हती म्हणून परत. काढायला गेलो तर मशीन फेल दाखवतंय.

आंबट_चिंच
इंजिन गेलं. बोअर-पिस्टन करून घे, माझ्या गाडीला तोच उपाय लागला. आणि नोंदणी संपल्यावर दर महिन्याला 300 लेट फी चढते, म्हणजे हजार-बाराशे तर गेलेच.

पाना_पक्कड
थांबा हो, न बघता इंजिन काय खोलायलाव? पावतीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त आलंय की एचसी (हायड्रोकार्बन)?

बाळेकर
सीओ 4.6.

पाना_पक्कड
हद्द 3.5 टक्के आहे. सीओ वाढतो म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर तेल जळून निळा धूर आणि एचसी वाढला असता. प्लगचं टोक बघ. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण जाड, तेलकट असेल तर चिंचेचं खरं. आधी एअर फिल्टर काढ, आपल्या धुळीनं चॉकलेटी झाला असेल. मग चोक पूर्ण बंद होतो का बघ, आणि कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू ट्यून करून घे. आणि गाडी पाच-सात किलोमीटर चालवून गरम असतानाच मशीनवर लाव. टपरीवर चहा पीत अर्धा तास उभी केलीस की इंजिन थंड.

आंबट_चिंच
तीस वर्षं गाडी चालवतोय मी.

पाना_पक्कड
मी तेवढीच वर्षं खोलतोय, काका.

चादरवाला
विकायची का? बारा देतो.

बाळेकर
फिल्टर चॉकलेटी नाही, काळाच निघाला! नवा टाकला, चोकही अडकत होता. आज पीयूसी मिळाली, सीओ 1.9. पाना_पक्कड भाऊ, लई उपकार. पण दुसऱ्यांदा वेगळंच झालं. चेसिस नंबर वाचता येईना म्हणाले. मागच्या दिवाळीत फ्रेमला रंग मारून घेतला होता, पोरानं नंबरवरूनच ब्रश फिरवलाय. कागद ठेवून पेन्सिल घासली तर नुसता काळा ठिपका येतो.

जुळे_सोलापूरकर
हे पहिल्यांदा सांगायचं की, बे! पॉलिश पेपर अजिबात मारू नको. आकडा पुसट झाला तर छेडछाड केली म्हणतील, मग सोमवार सोड, वर्ष जाईल. थिनर घे, जुन्या टूथब्रशला लावून हळूहळू पूस, सुकलं की पेन्सिल प्रिंट काढ. आरसीवरचा नंबर शेजारी धरून एकेक आकडा जुळव.

आंबट_चिंच
टॉर्च तिरपी धर. उजेड आडवा पडला की आकडे उठून दिसतात. हे तरी मान्य?

पाना_पक्कड
शंभर टक्के.

होटगी_रोड
आरसीवर तुमचंच नाव आहे ना? नोंदणी पुढं नेण्याच्या अर्जावर, फॉर्म 25 वर, मालकाचीच सही लागते. मी नवऱ्याच्या गाडीसाठी गेले होते तेव्हा कळलं.

बाळेकर
अप्पांच्या नावावर आहे. ते दोन वर्षांपूर्वी वारले. सही मीच केली, ओटीपी त्यांच्याच नंबरवर येतो, तो नंबर माझ्याकडं चालू ठेवलाय.

जुळे_सोलापूरकर
काय करायलास बे! वारलेल्या माणसाची सही केलीस? सोमवारची तारीख रद्द कर. आधी वारस म्हणून गाडी नावावर करावी लागेल. फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, घरच्यांचं संमतीपत्र, आरसी, इन्शुरन्स. कायद्यात तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, उशीर झाला तर दंड भरायचा, पण होतं काम. आणि इन्शुरन्सही तुझ्या नावावर कर, नाहीतर अपघात झाला तर क्लेमचे वांधे.

रिक्षा_तेरा
बहीण-भाऊ किती? सगळ्यांच्या सह्या लागतील.

बाळेकर
बहीण विजापूरला दिली आहे. रविवारी जातो, सही घेऊन येतो. गाडीवरच जाऊ का?

जुळे_सोलापूरकर
नोंदणी संपलेल्या गाडीवर? एसटीनं जा.

चादरवाला
नावावर झाली की तेरा देतो.

बाळेकर
नाही विकायची. थिनर कुठं मिळेल बाळ्यात?