मदत हवी आहे: गाडी एकच, चालवणारे दोघे, मायलेज वेगळं

घरची पेट्रोल गाडी मी आणि धाकटा भाऊ, दोघंही चालवतो. टाकी फुल करून पुढच्या फुलपर्यंत हिशोब ठेवला, तर त्याच्या हातात मायलेज कमीच पडतं. रस्ता तोच, टायरमधली हवाही तीच. मग फरक चालवण्यातच असणार.

शेजारी बसून पाहिलं. समोर लाल सिग्नल दिसत असतानाही त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरच, आणि शेवटी करकचून ब्रेक. इंधन जाळून मिळवलेला वेग असा ब्रेकच्या उष्णतेत जातो, हे मला फार खुपतं. मी आधीच पाय काढतो आणि गाडी गिअरमध्येच ठेवतो. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात अशा वेळी इंधनपुरवठा बहुतेक बंदच होतो. तो मात्र उतारावर न्यूट्रल करतो. त्यात इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच, शिवाय इंजिन ब्रेकिंगही (गिअरमधल्या इंजिनामुळे गाडीच्या वेगाला बसणारा आवर) मिळत नाही; म्हणजे धोकाही आहेच. पण त्याला पटत नाही.

हायवेवर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेलं की तो दीडपटीहून जास्त. प्रत्यक्षात मायलेज किती उतरतं, हे कुणी नीट मोजलंय का? ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणारं छोटं यंत्र) लावून दिसणारा इंधनाचा आकडा कितपत भरवशाचा असतो? आणि भांडण न करता एखाद्याची ब्रेक मारायची सवय बदलता आली असेल, तर ती कशी, तेही कृपया सांगा.