मदत हवी आहे: घरफोडीत मूळ कागदपत्रे गेली, पण फिर्यादीत त्यांची नोंद नाही

नमस्कार. आम्ही गावी गेलो असताना साताऱ्यातील आमच्या बंद सदनिकेचा कडीकोयंडा तोडून चोरी झाली. दागिने व रोख रकमेची फिर्याद त्याच दिवशी नोंदवली. परंतु कपाटाच्या तळाशी, जुन्या गोधडीखाली ठेवलेली रेक्झिनची पिशवीही गेल्याचे चार दिवसांनी ध्यानात आले. तीत दिवंगत वडिलांच्या नावचे १९९४ सालचे नोंदणीकृत खरेदीखत, सोसायटीचे भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), आईचे आधार कार्ड आणि माझा पासपोर्ट होता. (गोधडी मात्र चोराने घडी न मोडता बाजूला ठेवली होती.)

आईच्या आधारचे बायोमेट्रिक लॉक केले आहे. खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, हेही ठाऊक आहे. पोलीस ठाण्यात मात्र कागदपत्रांसाठी निराळा 'गहाळ' दाखला घेण्यास सुचवतात. गहाळ होणे आणि चोरीस जाणे एक नव्हे, म्हणून मला ते पटत नाही. पुरवणी जबाब देऊन ही यादी मूळ गुन्ह्यातच समाविष्ट करून घेण्याचा कोणास अनुभव आहे का? तसेच, वारसनोंद व्हायची असताना दुय्यम भागपत्रासाठी आईने आताच अर्ज करावा, की आधी सभासदत्व तिच्या नावे करून घ्यावे? जाणकारांनी कृपया सांगावे.