मदत हवी आहे : 'हॅम्लेट'मधले 'रायव्हल्स'

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चा पहिला प्रवेश मराठीत करतेय. त्यात बर्नार्डो पहाऱ्यावरच्या जोडीदारांनाच 'रायव्हल्स' म्हणतो. 'प्रतिस्पर्धी' तिथे बसतच नाही! याच अंकात 'लेट' (let) म्हणजे 'अडवणे' आहे. ते सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या इंग्रजी कोशात लगेच मिळालं. हे मात्र अडलंय.

टीपांमध्ये 'सोबती' दिलंय, पण हा अर्थ कधीपर्यंत चालू होता, तो काळ मला हवाय. शेक्सपिअरच्याच 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये हाच शब्द आजच्या अर्थाने येतो, म्हणजे दोन्ही अर्थ तेव्हा चालू होते. ऑक्सफर्ड कोशाची वर्गणी परवडत नाही; १९२८ला पूर्ण झालेल्या पहिल्या आवृत्तीच्या स्कॅनवरच भिस्त आहे.

त्यात अर्थाखाली सालवार अवतरणं असतात. शेवटच्या अवतरणाचं साल म्हणजे तो अर्थ तेव्हा बोलण्यातूनही गेला, असं धरायचं का? की संपादकांना पुढचं उदाहरण मिळालं नाही, एवढंच?